चॅटवर पायथन शिकणाऱ्याला हवा असतो तो प्रतिप्रश्न

पायथन किंवा शेल (संगणकाला टाइप करून आज्ञा देण्याचे साधन) यांसारखी स्क्रिप्टिंगची भाषा नव्याने शिकणारा माणूस चॅटमध्ये प्रश्न विचारतो, तेव्हा त्याला बहुधा एकच गोष्ट हवी असते: अडलेला प्रोग्रॅम चालू करून देणारे उत्तर, आणि तेही लगेच. ही अपेक्षा स्वाभाविक आहे. तरीही अशा चॅटमध्ये अनेक वर्षे वाचत, विचारत आणि उत्तरे देत राहिल्यावर माझे ठाम मत झाले आहे की, चॅटमधून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट उत्तर ही नसून प्रतिप्रश्न ही आहे. उत्तर डॉक्युमेंटेशनमध्ये असते, पुस्तकात असते, शोध घेतल्यास दहा ठिकाणी सापडते, परंतु यांपैकी काहीही शिकणाऱ्याला उलट विचारू शकत नाही की, “तुम्हाला इथे नेमके काय दिसायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय दिसले?” चॅटच्या दुसऱ्या टोकाला माणूस असतो म्हणूनच हा प्रश्न शक्य होतो, आणि नवशिक्याची अडचण जवळजवळ नेहमीच या प्रश्नाच्या उत्तरात दडलेली असते.

या चॅटची परंपरा तशी जुनी आहे. यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ मध्ये फिनलंडमधील ओउलू विद्यापीठात आयआरसी (इंटरनेट रिले चॅट) ही मजकुरातून गप्पा मारण्याची व्यवस्था तयार केली. पायथनची पहिली सार्वजनिक आवृत्ती १९९१ मध्ये आली, म्हणजे ज्या भाषेविषयी मदत मागायची तिच्याहून मदत मागण्याची जागा वयाने मोठी आहे. आयआरसीचे नियम १९९३ मध्ये आरएफसी १४५९ या दस्तऐवजात मांडले गेले आणि त्यात एका संदेशाची कमाल लांबी ५१२ बाइट ठरवण्यात आली. (देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागत असल्याने मराठीत तिथे एका संदेशात फार तर दीडशेच्या आसपास चिन्हे मावतात.) एवढ्या जागेत प्रोग्रॅम मावत नाही, आणि एकामागून एक वीस ओळी पाठवल्या तर सर्व्हर त्याला पूर समजून जोडणी तोडतो, म्हणून कोड वेगळ्या पानावर चिकटवून फक्त त्याचा दुवा चॅटमध्ये देण्याची रीत रूढ झाली. २०१५ मध्ये डिस्कॉर्ड हे चॅटचे अ‍ॅप आले, संदेश लांब झाले, कोडसाठी वेगळी चौकट आली, आणि बहुतेक नवशिके आज तिथे किंवा टेलिग्रामवरच्या एखाद्या गटात असतात. जागा बदलली तरी संभाषणाचे स्वरूप मात्र फारसे बदललेले नाही.

प्रतिप्रश्नाने काय साधते, हे एका नेहमीच्या अडचणीवरून पाहता येईल. कोणीतरी विचारते: “माझी गुणांची यादी चुकीच्या क्रमाने लागते. शंभर सर्वांत आधी येतात, मग सत्त्याऐंशी, आणि नऊ सर्वांत शेवटी. पायथनच्या सॉर्टमध्ये दोष आहे का?” अनुभवी माणसाला कारण एका क्षणात कळते. यादीतील आकडे हे आकडे नसून मजकूर आहेत, आणि मजकूर अक्षरक्रमाने लागतो; त्या क्रमात एक हा अंक आठच्या आधी आणि आठ नऊच्या आधी येतो, मग पुढे कितीही अंक असोत. तो उत्साहाने उत्तर देतो: “सॉर्टला ‘की’ म्हणून ‘इंट’ द्या,” म्हणजे फक्त क्रम लावताना प्रत्येक घटक पूर्णांक समजा. यादी बरोबर लागते, आभार मानले जातात आणि सगळे आपापल्या कामाला लागतात.

दुसऱ्या दिवशी तोच माणूस नवा प्रश्न घेऊन येतो. आता त्याला गुणांची बेरीज करायची आहे, आणि पायथन सांगते आहे की पूर्णांक आणि मजकूर यांची बेरीज होऊ शकत नाही. त्यानंतर तो विचारतो की सर्वांत मोठा गुण शोधला तर शंभरऐवजी नऊ का मिळतात. त्याच्या दृष्टीने या तीन वेगवेगळ्या अडचणी आहेत. वास्तविक ती एकच अडचण आहे. पहिल्या दिवशीच्या उत्तराने ती झाकली गेली, दूर झाली नाही.

आता पहिल्याच दिवशी उत्तराऐवजी असा प्रश्न आला असता तर? “क्रम लावण्याआधी ती संपूर्ण यादी प्रिंट करून जशीच्या तशी इथे द्या.” पायथनमध्ये एकटा मजकूर प्रिंट केला तर त्याभोवतीची अवतरणचिन्हे दिसत नाहीत, त्यामुळे नऊ हा आकडा आणि नऊ हा मजकूर पडद्यावर हुबेहूब सारखे दिसतात, परंतु संपूर्ण यादी प्रिंट केली की तिच्यातील प्रत्येक मजकूर अवतरणचिन्हांसह दिसतो. शिकणारा ती चिन्हे पाहतो. मदत करणारा विचारतो, “ही चिन्हे कुठून आली असतील?” थोड्या वेळाने उत्तर येते की गुण फाइलमधून वाचले होते. फाइलमधून वाचलेली प्रत्येक ओळ मजकूरच असते, तसेच पायथन ३ मधील इनपुट हे फंक्शनही नेहमी मजकूरच देते, हे सांगण्याचा योग्य क्षण हाच, कारण आता त्या वाक्याला टेकायला समोर पुरावा आहे. रूपांतर कुठे करायचे, हे शिकणारा मग स्वतःच ओळखतो: फाइल वाचतानाच, एकदाच. बेरजेचा आणि कमाल गुणाचा प्रश्न उद्भवतच नाही.

याच संभाषणाचा पुढचा टप्पाही माझ्या ओळखीचा आहे. शिकणारा यादीला सॉर्ट करायला सांगतो, त्याचा निकाल पुन्हा त्याच नावात ठेवतो आणि त्याच्या हाती ‘नन’ लागते, म्हणजे काहीच नाही. इथेही “असे लिहू नका, तसे लिहा” म्हणून मोकळे होता येते. त्याऐवजी “सॉर्टने यादीचे काय केले आणि तुम्हाला परत काय दिले, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?” असे विचारले, तर त्या माणसाला पायथनच्या रचनेतील एक मोठे तत्त्व हाती लागते: जी कृती मूळ वस्तूच बदलते ती सहसा काही परत देत नाही, जेणेकरून मूळ वस्तू बदलली आहे याचा विसर पडू नये. मूळ यादी तशीच ठेवून नवी क्रमवार यादी हवी असेल, तर त्यासाठी सॉर्टेड हे वेगळे फंक्शन २००४ मध्ये आवृत्ती २.४ पासून आहे. हे तत्त्व ज्याला एकदा समजले, तो पुढे यादीत घटक जोडताना किंवा यादी उलटी करताना तीच चूक करत नाही.

प्रतिप्रश्नाची गरज आणखी एका प्रसंगी फार तीव्रतेने भासते. पायथनच्या चॅटमध्ये वारंवार येणारा एक प्रश्न असा असतो: “लूपमधून व्हेरिएबलची नावे कशी तयार करायची? मला गुण१, गुण२, गुण३ अशी तीस नावे हवी आहेत.” याचे शब्दशः उत्तर अस्तित्वात आहे आणि ते देता येते. परंतु ते दिल्यास त्या माणसाच्या हातून असा प्रोग्रॅम तयार होईल की जो पुढे दुरुस्त करणे त्यालाही जमणार नाही. “तीस नावे कशासाठी हवी आहेत?” एवढे विचारले की कळते, त्याला तीस विद्यार्थ्यांचे गुण साठवायचे आहेत, आणि त्यासाठी एक यादी किंवा एक डिक्शनरी (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्यांचा संग्रह) पुरेशी आहे. मूळ हेतू एक, त्यासाठी स्वतःच निवडलेली वाट दुसरी, आणि प्रश्न मात्र त्या वाटेवरच्या खड्ड्याविषयी, अशी ही परिस्थिती इतकी सार्वत्रिक आहे की प्रोग्रॅमरांच्या चॅटमध्ये तिला ‘एक्स-वाय प्रॉब्लेम’ असे नावच पडले आहे. मात्र हे नाव नवशिक्याच्या तोंडावर फेकले जाऊ नये असे मला मनापासून वाटते. वाट चुकलेल्या माणसाला त्याच्या चुकीचा प्रकार कळून काही उपयोग नसतो. त्याला कुठे जायचे आहे, हे आपुलकीने विचारणे जास्त उपयोगी.

अर्थात प्रतिप्रश्न करणाऱ्यासमोर काहीतरी ठोस असावे लागते, आणि ते आणण्याची जबाबदारी विचारणाऱ्याची आहे. “चालत नाही” या दोन शब्दांतून दूर बसलेल्या माणसाला काहीही दिसत नाही. प्रोग्रॅम सुरूच होत नाही, मध्येच थांबतो, चुकीचे उत्तर देतो की अनंतकाळ फिरत राहतो, या चार परिस्थिती पूर्णपणे निरनिराळ्या आहेत. त्रुटीचा संदेश स्वतःच्या शब्दांत सांगू नये आणि त्याचे भाषांतरही करू नये. तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत जसाच्या तसा द्यावा. नेम एरर आणि अ‍ॅट्रिब्यूट एरर यांत ऐकायला फारसे अंतर नसले तरी पहिल्यात पायथनला ते नावच ठाऊक नसते आणि दुसऱ्यात नाव ठाऊक असून त्या वस्तूकडे मागितलेला गुणधर्म नसतो. शोधाची दिशा तिथेच बदलते. पायथनचा ट्रेसबॅक, म्हणजे त्रुटी आल्यावर छापला जाणारा तिचा माग, शेवटच्या ओळीपासून वर वाचायचा असतो, हे अनेकांना कोणी सांगितलेलेच नसते, आणि म्हणून ते नेमकी ती शेवटची ओळ गाळून वरच्या दहा ओळी पाठवतात. गेल्या काही आवृत्त्यांत हे संदेश बरेच सुधारले आहेत. बंद न केलेला कंस पूर्वी पुढच्याच ओळीवर दोष दाखवत असे. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० या आवृत्तीपासून पायथन सरळ सांगते की अमुक कंस बंद झालेला नाही, आणि २०२२ च्या ३.११ पासून ट्रेसबॅकमध्ये ओळीचा नेमका कोणता भाग फसला, हेही त्याखाली खुणेने दाखवले जाते. त्यामुळे कोणती आवृत्ती वापरत आहात, हे सुरुवातीलाच सांगितल्यास बराच वेळ वाचतो.

कोड चॅटमध्ये देताना तो बिघडतो, ही गोष्ट नव्या माणसाच्या लक्षात येत नाही. पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा हीच प्रोग्रॅमची रचना असते, आणि साध्या संदेशात ती पुसली गेली की लूपच्या आत काय आणि बाहेर काय, हे कोणालाही सांगता येत नाही. दोन्ही बाजूंना दोन-दोन अधोरेषा देऊन लिहिलेले इनिट हे नाव डिस्कॉर्डच्या साध्या संदेशात टाकले तर अधोरेषा गायब होतात आणि शब्द अधोरेखित दिसतो. गुणाकाराच्या दोन तारकांमधला मजकूर तिरका होतो. फोनचा कीबोर्ड सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार चिन्हे घालतो, ती पायथनला चालत नाहीत, आणि मग मूळ प्रोग्रॅममध्ये नसलेलीच त्रुटी मदत करणाऱ्याला मिळते. हे टाळण्यासाठी तीन बॅकटिकांच्या (` या चिन्हांच्या) चौकटीत किंवा कोड चिकटवण्याच्या वेगळ्या पानावरच कोड द्यावा. पडद्याचा फोटो देणे मात्र पूर्णतः टाळावे. फोटोतला कोड दुसऱ्याला चालवून पाहता येत नाही, त्यात शोधता येत नाही, आणि पडदावाचक वापरणाऱ्या दृष्टिहीन मदतनिसाला तर त्यातले काहीही कळत नाही.

चारशे ओळींचा प्रोग्रॅम देण्याऐवजी, तीच त्रुटी टिकून राहील असा त्यातला लहानात लहान तुकडा काढून द्यावा. हा सल्ला अनेकांना शिष्टाचाराचा भाग वाटतो, पण माझ्या मते यामागचे कारण वेगळे आहे. एकेक भाग काढत गेल्यावर कोणत्या क्षणी त्रुटी नाहीशी झाली, हे कळणे म्हणजे निम्मा शोध पूर्ण होणे. अनेकदा तो तुकडा तयार होईपर्यंत प्रश्नच उरत नाही.

“इथे पायथन येणारे कोणी आहे का?” असे विचारून थांबू नये, हेही या ओघात सांगायला हवे. ज्याला उत्तर येते त्यालाही प्रश्न पाहिल्याशिवाय होकार देता येत नाही. आणि प्रश्न टाकल्यावर काही काळ थांबावे, कारण मदत करणारे वेगवेगळ्या प्रहरांत जागे असतात. विशेषतः आयआरसीवर, जिथे जोडणी तुटल्यानंतर आलेले संदेश आपोआप आपल्यासाठी राखून ठेवले जात नाहीत.

आता मदत करणाऱ्यांविषयी. ही सर्व माणसे स्वेच्छेने, विनामूल्य वेळ देतात आणि त्याबद्दल मला अपार आदर आहे. २०२१ च्या मे महिन्यात फ्रीनोड या जुन्या आयआरसी जाळ्यावरील बहुतेक स्वयंसेवक बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा चॅट सुरू केले, तेव्हा मदतीच्या अनेक खोल्या त्यांच्यामागून तिकडे गेल्या. सर्व्हर कोणाचाही असो, मदतीची खोली म्हणजे तिथली माणसेच, हे त्या वेळी स्पष्ट झाले. म्हणूनच त्या माणसांच्या काही सवयींविषयी स्पष्ट लिहावेसे वाटते.

“अगदी सोपे आहे” हे शब्द वापरू नयेत. ज्याला ते जमत नाही त्याला या शब्दांतून एवढेच ऐकू येते की दोष त्याच्या बुद्धीत आहे, आणि असा माणूस दुसरा प्रश्न विचारत नाही. डॉक्युमेंटेशनचा दुवा देणे योग्यच आहे, परंतु त्यासोबत कोणता परिच्छेद वाचायचा आणि त्यात काय शोधायचे, हेही सांगावे. आणखी एक प्रकार फार घातक आहे: एका नवशिक्याच्या प्रश्नावर तीन जाणकार एकाच वेळी तीन वेगळे उपाय सुचवतात, मग त्यातला कोणता अधिक नेटका यावर त्यांचाच वाद सुरू होतो, आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे तो चाळीस संदेशांच्या वर कुठेतरी हरवून जातो. एकाने संभाषण हाती घेतले असेल तर इतरांनी, ठळक चूक होत नसेल तोवर, थांबावे.

चॅटमध्ये चेहरा दिसत नाही. वर्गात शिक्षकाला समोरच्याच्या नजरेवरून कळते की समजले की नाही. इथे “हो, समजले” या शब्दांशिवाय काही हाती नसते, आणि ते शब्द बहुतेक वेळा संकोचापोटी आलेले असतात. त्यावर मला सर्वांत परिणामकारक वाटलेला उपाय म्हणजे भाकीत विचारणे: “ही ओळ चालल्यानंतर या व्हेरिएबलमध्ये काय असेल असे तुम्हाला वाटते? आधी सांगा, मग चालवून पाहा.” भाकीत खरे ठरले तर समज पक्की आहे. खोटे ठरले तर गैरसमज नेमका कुठे आहे, हे दोघांनाही एकाच वेळी दिसते. प्रिंट आणि रिटर्न यांतला गोंधळ, जो सुरुवातीच्या काळात जवळजवळ प्रत्येकाला होतो, तो मी याच एका प्रश्नाने सुटताना पुनःपुन्हा पाहिला आहे. फंक्शनने पडद्यावर आकडा दाखवला म्हणजे तो आकडा परत दिला, अशी समजूत असलेला माणूस भाकीत चुकल्यावर स्वतःच म्हणतो, “मग तो आकडा गेला कुठे?” आणि तिथून पुढचे शिकणे त्याचे स्वतःचे असते.

शेलच्या बाबतीत प्रतिप्रश्न केवळ समजुतीसाठी नव्हे, सुरक्षिततेसाठीही लागतो. एखाद्या फोल्डरचे नाव ‘जुने फोटो’ असेल, ते नाव व्हेरिएबलमध्ये असेल आणि डिलीट करण्याची आज्ञा देताना त्या व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरणचिन्हे नसतील, तर बॅश हे प्रचलित शेल त्याचे दोन तुकडे करते आणि ‘जुने’ व ‘फोटो’ अशी दोन नावे आज्ञेला देते. ‘फोटो’ नावाचा दुसरा फोल्डर तिथे असल्यास तो पुसला जातो. म्हणून कोणी फाइल पुसणारी स्क्रिप्ट घेऊन आले तर “नावांत मोकळी जागा आहे का?” हे आधी विचारावे, आणि डिलीटच्या आज्ञेऐवजी त्या ओळीत फक्त नावे छापून पाहण्यास सांगावे. शेलचेक हे विनामूल्य साधन अशा राहिलेल्या अवतरणचिन्हांवर बोट ठेवते; प्रश्न विचारण्यापूर्वी स्क्रिप्ट त्यातून एकदा काढावी. शिकणाऱ्यानेही अनोळखी व्यक्तीने दिलेली आज्ञा तिच्या प्रत्येक भागाचा अर्थ विचारल्याशिवाय चालवू नये. चॅटमध्ये चेष्टा म्हणून घातक आज्ञा देणारी माणसे आढळतात, आणि खासगी संदेशात मदत देऊ करणाऱ्याचे बोलणे तपासायला तिसरे कोणी हजर नसते. कोडमध्ये पासवर्ड किंवा बॉटचे टोकन (पासवर्डसारखीच गुप्त किल्ली) राहून गेले असल्यास संदेश पुसणे पुरेसे नाही. ते टोकन ताबडतोब रद्द करून नवे घ्यावे.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी खुले झाल्यापासून अनेक जण आपला पहिला प्रश्न माणसाऐवजी यंत्राला विचारतात. त्यात मला गैर काही वाटत नाही. ते कधीही उपलब्ध असते, कंटाळत नाही आणि कोणाला कमी लेखत नाही. परंतु विचारलेल्या प्रश्नाचे थेट उत्तर देण्याकडे त्याचा कल असतो. लूपमधून तीस नावे कशी तयार करायची असे विचारल्यावर ते ती तयार करून देण्याची शक्यता बरीच असते. त्यामुळे हल्ली चॅटमध्ये असे लोक येतात की ज्यांच्याकडे दोनशे ओळींचा नीटनेटका प्रोग्रॅम असतो, पण त्यातील एकाही ओळीचे भाकीत त्यांना करता येत नाही. अशांना परत पाठवणे मला पटत नाही. यंत्राशी बोलतानाही हीच पद्धत वापरता येते, हे त्यांना दाखवून द्यावे: प्रश्नासोबत आपला मूळ हेतू लिहावा, उत्तर देण्याआधी मला प्रश्न विचार असे त्याला स्पष्ट सांगावे, आणि मिळालेला कोड चालवण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याचे भाकीत स्वतः लिहून काढावे.

आणि ज्यांना पायथन येऊ लागून थोडेच दिवस झाले आहेत, त्यांनी आपल्याला पुरेसे येत नाही या संकोचाने त्या खोलीत गप्प बसू नये. “पूर्ण ट्रेसबॅक देता का?”, “ही यादी प्रिंट केल्यावर काय दिसते?”, “हे तुम्हाला कशासाठी करायचे आहे?” हे विचारण्यासाठी भाषेचे सखोल ज्ञान लागत नाही. अडचण नंतर एखाद्या जाणकाराला सोडवावी लागली, तरी त्याच्यासमोर तोवर संपूर्ण संदेश, चालवून पाहता येईल असा कोड आणि मूळ हेतू एवढे सगळे मांडलेले असते.